छायाप्रकाश : लेखांक सहावा – दिव्याभोवतीची आभा

गेल्या लेखांकात रंगतापमानाचे विवेचन पुरे झाले; आता, जिच्या मोहाने पुष्कळ तरुण छायाचित्रकार संगणकापुढे बसतात, परंतु जिची घडण समजून न घेताच आपले चित्र तयार फिल्टरच्या हवाली करतात, त्या आभेकडे वळू. दिवाळीनंतर आमच्या आमगावच्या मुलखात गावोगाव मंडई भरते, रात्री झाडीपट्टीची नाटके रंगतात, आणि दिवे, पडदे व रंगविलेले चेहरे यांची छायाचित्रे घरोघरी जमा होतात. डोळ्यांना सोनेरी व किंचित धूसर दिसलेली ती रात्र चित्रात कोरडी व सपाट उतरलेली पाहून जो विरस होतो, त्याचे निवारण हा आजचा विषय.

अशा आभेचा माझ्या मते सर्वोत्तम दाखला एका जलरंगचित्रात आहे. सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी १९४५-४६ च्या सुमारास आपल्याच कन्येला समोर उभे करून रंगविलेले 'ग्लो ऑफ होप' हे चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे, आणि राजा रविवर्म्याचे म्हणून त्याची वाखाणणी करणारे प्रेक्षक आजही भेटतात, ही हळदणकरांच्या कीर्तीवर होणारी गैरइन्साफी आहे. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा ज्योतीवर धरलेला आडोसा, आणि त्या बोटांमधून झिरपणारा रक्तिमा: इतकेच काय ते प्रकाशाचे भांडवल. जलरंगात कागदाच्या शुभ्रतेहून अधिक उजळ असे काही चित्रकाराला देताच येत नाही. म्हणून हळदणकरांनी ज्योतीत भर न घालता भोवतालचे सारे क्रमाक्रमाने काळोखात उतरविले, आणि त्या उताराच्या मंदपणामुळेच ज्योत तेवताना दिसते.

संगणकाच्या पडद्यालाही हीच मर्यादा आहे. सामान्य चित्रात प्रत्येक रंगाचे मूल्य ० ते २५५ असते. २५५ च्या पलीकडे तेज नाही. मग आभा येते कोठून? तीव्र प्रकाश भिंगात व डोळ्यात विखुरतो. फिल्मच्या काळी त्याला आणखी एक वाट होती: रासायनिक थर भेदून गेलेला प्रकाश फिल्मच्या पाठीवरून परतून दिव्याभोवती पसरे, आणि रंगीत फिल्ममध्ये लाल रंगाचा थर बहुधा सर्वांत खाली असल्याने त्या परतीच्या प्रकाशाची नोंद आधी तोच घेई. जुन्या चित्रांतील तांबूस वलयाचे मूळ हे आहे. डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मचे ते थर नसल्यामुळे हे वलय हाताने रचावे लागते.

कॅनडाचे छायाचित्रकार मायकेल ऑर्टन यांनी १९८० च्या दशकात एकाच दृश्याच्या दोन पारदर्शिका, एक रेखीव व एक धूसर, दोन्ही मुद्दाम अधिक उजळ घेऊन, एकीवर एक ठेवून स्वप्नवत् परिणाम साधला होता. आपली रीत त्यांच्या या रीतीचीच वंशज आहे. मूळ चित्राचा लेयर दुहेरी करा. वरच्या प्रतीत कर्व्हच्या साहाय्याने दिवे व उजळ कडा तेवढ्या राखून बाकी सर्व काळे करा. मग तिला गॉसियन ब्लर द्या, चार हजार पिक्सेल रुंदीच्या चित्रास चाळीसच्या आसपास, आणि मिश्रणाची पद्धत 'स्क्रीन' ठेवा. स्क्रीन ही बेरीज नव्हे: १२८ वर १२८ ठेवले असता सुमारे १९२ येतात, म्हणून उजळ भाग एकदम जळून जात नाहीत. हा लेयर केशरी करा. त्याचीच आणखी एक प्रत तिप्पट ब्लर देऊन, अधिक तांबडी व अधिक फिकी करून वर ठेवा. ज्योतीपाशी पिवळा, मग केशरी, शेवटी तांबूस असा उतार त्यातून मिळतो. हे काम गिंपसारख्या विनामूल्य प्रणालीतही बिनदिक्कत होते.

कर्व्हची पायरी मात्र गाळू नये, असा माझा आग्रह आहे. स्क्रीन काळोखालाही उचलते: २० च्या छायेवर १० चा धूसर अंश पडला तरी ती २९ होते, म्हणजे जवळजवळ दीडपट, आणि सर्व चित्रावर धुके आल्यासारखे वाटते. तयार फिल्टरांपैकी पुष्कळांची चूक नेमकी येथे आहे. ते तेज वाटतात आणि काळोख खर्ची घालतात. छायेत थोडी निळसर झाक मिसळली तर केशरी अधिक खुलतो, परंतु ती मुखाच्या छायेत शिरू देऊ नये, गव्हाळ कांती त्याने रोगट दिसते. नटाचे डोळे व ओठ यांवर मास्क लावून आभा पुसावी, म्हणजे रेखीवपणा शाबूत राहील. शेवटी लेयरची ओपॅसिटी आपल्याला पसंत पडेल तेथे आणावी, थोडा वेळ चित्र नजरेआड करावे, आणि परत येऊन तीत आणखी काही कपात करावी. ताज्या डोळ्यांना ती जवळजवळ नेहमीच जास्त झालेली आढळते.