ज्येष्ठांसाठी वेगळे ताट कशाला?

घोडबंदरचा किल्ला पोर्तुगिजांनी बांधला. मिरचीही आपल्या देशात आली ती त्यांच्याच जहाजांतून. आज मेजवानीत चीज भरून भाजलेल्या मिरच्या आल्या, की आजी-आजोबांपुढे मात्र मऊ भात ठेवला जातो. ते वेगळे ताट त्यांना पंगतीत एकटे पाडते. थोडा बदल केल्यास तोच पदार्थ आपण त्यांनाही देऊ शकता.

मिरचीचा तिखटपणा मुख्यतः बियांलगतच्या पांढऱ्या गरात असतो. म्हणून जाड भावनगरी मिरच्या चिरून गर व बिया काढाव्यात. चीजमध्ये मीठ बरेच असते आणि प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ घ्यावे. यास्तव १०० ग्रॅम पनीर कुस्करून त्यात चीजचा एकच क्यूब किसावा. जिरेपूड, कोथिंबीर, लिंबाचा रस घालावा, मीठ नको. ओव्हनमध्ये १८० अंशांवर सुमारे २० मिनिटे, मिरची मऊ होईपर्यंत भाजावे. वितळलेले चीज तोंड पोळते, तेव्हा पाच मिनिटे निवू द्यावे. कवळी असल्यास साल काढून लहान तुकडे द्यावेत. तिखट लागल्यास पाण्यापेक्षा दही बरे.

गिळताना ठसका लागत असेल किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. इतरांनी निःशंक मनाने एक-दोन मिरच्यांचा आस्वाद घ्यावा, सर्वांसोबत बसून.