भूमितींतील ‘कां?’

सिद्धांत मुखोद्गत असूनही पुष्कळ विद्यार्थ्यांची सिद्धता अडते. कारण प्रत्येक विधानापुढें त्याचें कारण लिहितां येत नाहीं. युक्लिडाच्या पहिल्या पुस्तकांतील पांचवा सिद्धांत घ्या: समद्विभुज त्रिकोणाचे पायाजवळील कोन समान असतात. त्याची एक सोपी सिद्धता पाहूं.

अबक त्रिकोणांत अब व अक या बाजू समान आहेत. अ कोनाचा दुभाजक पायास ड बिंदूंत मिळतो. आतां अब = अक, हा पक्ष; बअड व कअड हे कोन समान, ही रचना; अड ही बाजू दोहोंस सामाईक. दोन बाजू व त्यांमधील कोन समान, म्हणून दोन्ही त्रिकोण एकरूप. यास्तव ब व क हे कोन समान.

मध्येंच कोणी ‘अड हा पायावर लंब आहे’ असें लिहितो. तें खरें आहे; परंतु त्याजजवळ कारण एवढेंच कीं, आकृतींत तसें दिसतें. दिसणें म्हणजे सिद्ध होणें नव्हे. पक्ष, रचना, व्याख्या, स्वयंसिद्ध तत्त्व व पूर्वीं सिद्ध झालेला सिद्धांत, यांवांचून सहावें कारण येथें चालत नाहीं.

पालकांस भूमिती येत नसली तरी चिंता नाहीं. मुलास उत्तर न सांगतां प्रत्येक पायरीस ‘हें कां?’ एवढेंच विचारावें. ज्यास याचें उत्तर देतां येतें, त्यास सिद्धता घोकावी लागत नाहीं.