एका फेरीचा हिशेब : रस्ता नसलेल्या पाहुणघराची देखभाल

 

मागच्या काही भागांत आपण लडाखमधल्या उंच चौक्यांना रसद कशी पोचते ते पाहिलं. त्यावर इंदूर, बडोदा, हैदराबाद इथल्या मंडळींनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला : "सर, लष्कर सोडून आणखी कुणी असं विमानाच्या भरवशावर जगतं का?" जगतं. युद्धासाठी नाही, मासेमारीच्या हौसेसाठी. त्यासाठी आज आपण कॅनडाला जाऊ.

कॅनडाच्या ओंटारियो प्रांताचा वायव्य भाग नकाशावर पाहा. जमिनीपेक्षा तळी जास्त की काय, असं वाटतं. कित्येक तळ्यांना रस्ताच नाही. अशा तळ्याकाठी लाकडी केबिन असते, चार-सहा माणसांची. पाहुणे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानातून येतात, आठवडाभर वॉलआय आणि पाइक हे मासे पकडतात आणि ठरल्या दिवशी विमान त्यांना परत नेतं. मधल्या काळात हाकेच्या अंतरावर कुणी नसतं.

ही विमानं बहुतेक जुनीच. 'बीव्हर'चं पहिलं उड्डाण १९४७ सालचं, तिच्या मोठ्या बहिणीचं, 'ऑटर'चं, १९५१ सालचं. ही ऑटर आपल्या हवाई दलातही होती. ४१ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने तिच्यावरूनच आपलं नाव घेतलं. म्हणून ते विमान पहिल्यांदा धक्क्याला लागलेलं पाहिलं, तेव्हा जुना सहकारी भेटल्यासारखं वाटलं.

माझी मुलगी आणि जावई विनिपेगला असतात. जावयाच्या ओळखीचे एक सत्तरीचे गृहस्थ अशा केबिन चालवतात. एका मे महिन्यात तळ्यांवरचा बर्फ फुटल्यावर त्यांच्याबरोबर मी तीन आठवडे केबिन उघडायला गेलो. रिकामा बसलो की मला करमत नाही, आणि त्यांना फुकटचा मदतनीस मिळाला.

पहिल्याच दिवशी त्यांनी एक वाक्य सांगितलं : "कर्नल, इथे किंमत डॉलरमध्ये मोजत नाहीत, फेरीत मोजतात." बीव्हर एका फेरीत, इंधन आणि अंतर धरून, साधारण अर्धा टन ओझं नेते. त्यात माणसंही आली. मोटारीची ठिणगी देणारा प्लग खराब झाला, तर तो हातभर लांबीच्या खिशात मावतो. पण तो केबिनमध्ये नसेल तर त्याच्यासाठी अख्खं विमान पाठवावं लागतं. म्हणून त्यांच्या सगळ्या केबिनवर बोटीची मोटार एकाच कंपनीची, एकाच ताकदीची. एका मोटारीचा भाग दुसरीला बसतो. आपण फौजेत हेच करतो.

आता देखभालीचा क्रम सांगतो.

सगळ्यात आधी पातळी. हिवाळ्यात जमिनीतलं पाणी गोठतं, फुगतं आणि पायाचे खांब वर उचलतं. वसंतात जमीन खाली बसते, पण सगळीकडे सारखी नाही. केबिन एका बाजूला कलते. तुम्ही म्हणाल, दोन बोटं कलली तर काय बिघडलं? बिघडतो तो फ्रीज. तिथे वीज नाही, म्हणून गॅसवर चालणारा फ्रीज असतो. त्यात अमोनियाचं मिश्रण स्वतःच्या वजनाने नळ्यांतून उतरतं, पंप नसतो. फ्रीज कलला की हे फिरणं अडतं आणि आतलं मांस सडतं. म्हणजे जमीन हलली, अन्न नासलं, एक फेरी वाढली. म्हणून दर वर्षी पहिलं काम जॅक लावून केबिन पाणपातळीत आणणं.

दुसरं पाणी. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं. शरद ऋतूत निघताना एका कोपरात वाटीभर पाणी राहिलं, तरी वसंतात नळ फुटलेला मिळतो. म्हणून नळ उताराने टाकायचे, सगळ्यात खाली तोटी ठेवायची आणि जाताना ती उघडीच सोडायची.

तिसरं उंदीर. तिथल्या उंदरांच्या लेंड्यांतून हंता विषाणूचा घातक आजार होऊ शकतो. म्हणून दार उघडून आधी अर्धा तास हवा खेळू द्यायची, मग घाण ब्लीचच्या पाण्याने भिजवून पुसायची. कोरडा झाडू मारायचा नाही. आपला हात सवयीने झाडूकडेच जातो, माझाही गेला होता.

चौथं अस्वल. खिडक्यांना जाड फळ्या आणि आत अन्नाचा कणही नाही. माशांची आतडी केबिनजवळ टाकायची नाहीत. एकदा अस्वलाला चटक लागली की ते दरवाजा मोजत नाही.

आता सुधारणांकडे येतो, कारण पाहुण्यांच्या मागण्या तिथेच असतात. कुणाला मोठा व्हरांडा हवा, कुणाला गुबगुबीत सोफा. मालकांची कसोटी साधी होती : ही वस्तू आणल्याने पुढच्या फेऱ्या कमी होतील की वाढतील? गॅसचे दिवे काढून त्यांनी सौर पॅनेल आणि एलईडी बसवले, तेव्हा गॅस कमी लागू लागला. भरलेलं मोठं सिलिंडर पंचाहत्तर किलोच्या पुढे जातं, त्यामुळे वाचलेलं प्रत्येक सिलिंडर मोलाचं. मात्र लिथियम बॅटरी शून्याखालच्या तापमानात चार्ज केली तर कायमची खराब होते, म्हणून हिवाळ्यात पॅनेलची जोडणी काढून ठेवायची. अवजड लाकूड आणि लोखंडी शेगडी ते भर हिवाळ्यात नेतात, गोठलेल्या तळ्यांवरून, बर्फावर चालणाऱ्या गाड्यांनी. आपलं विंटर स्टॉकिंग बर्फ पडायच्या आधी, त्यांचं बर्फ पडल्यावर!

आता माझी चूक सांगतो. ती सांगायची म्हणूनच हा भाग केला.

पाचव्या रात्री कडाक्याची थंडी होती. गॅसचा हीटर चालू होता. भिंतीत खाली एक जाळीचा झरोका होता, त्यातून गार हवा थेट माझ्या पायांवर येत होती. मी टॉवेलची गुंडाळी करून तो बुजवला आणि झोपलो. पहाटे तीनच्या सुमारास कर्कश आवाजाने जाग आली. डोकं जड, तोंड कोरडं, उठलो तर पाय लटपटत होते. शेजारच्या खाटेवरून मालक उठले, दार सताड उघडलं, हीटर बंद केला आणि मला बाहेर थंडीत बसवलं. मग आत जाऊन तो टॉवेल घेऊन आले आणि माझ्या मांडीवर ठेवला. एक शब्द बोलले नाहीत.

मंडळी, हवा अपुरी पडली की ज्वाला अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. बुखारी पेटवून खोली बंद करू नका, हे मी शेकडो जवानांना शिकवलंय. रात्री उठून झरोके तपासलेत. आणि स्वतःचे पाय गारठले, तेव्हा मीच झरोका बुजवला. माहिती असणं आणि सुरक्षित असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थकलेला माणूस नियम विसरतो. म्हणून न थकणारी वस्तू भिंतीवर लागते.

ती वस्तू म्हणजे तळहाताएवढी धोक्याची घंटा. आदल्याच वर्षी बसवलेली. वजन पाव किलोही नसेल. त्या सगळ्या केबिनमधली सगळ्यात मोठी सुधारणा तीच होती, आणि ती एकाही पाहुण्याने मागितली नव्हती. एक लक्षात ठेवा : कार्बन मोनॉक्साइडची घंटा झोपलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीच्या आसपास लावायची. गळणाऱ्या गॅसची घंटा मात्र जमिनीजवळ, कारण तो गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो.

आता तुमच्याकडे वळतो. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी लाहौल, मुन्सियारी, सिक्कीम इथे होमस्टे घेतलेत किंवा घ्यायच्या विचारात आहात. तुमच्याकडे रस्ता आहे, पण दरड कोसळली की तुमचंही तळंच होतं. तेव्हा व्हरांड्याच्या आधी तीन गोष्टी करा. प्रत्येक झोपायच्या खोलीत घंटा लावा आणि महिन्याला बटण दाबून तपासा. झरोक्यावर पाहुण्यांच्या भाषेत लिहा : बुजवू नका. आणि कोणता सुटा भाग नसला तर तुमची एक फेरी वाढेल, त्याची यादी करून तो भाग आजच आणून ठेवा.

तो टॉवेल मी मालकांकडून मागून आणला. इथे देहरादूनला माझ्या बुखारीशेजारी खुंटीला टांगलेला असतो.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.