भातखाचरातील जिवाणू आणि कॅडमियमचे विष

कारखान्याचे किंवा शहराचे सांडपाणी ज्या नाल्यात मिसळते, त्या नाल्याच्या पाण्यावर भात घेतल्यास पीक हिरवेगार दिसते. मात्र पाण्यात कॅडमियम असेल तर ते डोळ्यांना दिसत नाही, चवीला कळत नाही आणि दाण्यात साठत जाते. जपानमधील तोयामा भागात जिंझू नदीच्या पाण्यावर भात पिकविणाऱ्या कुटुंबांना याचा कटू अनुभव आला. नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या जस्ताच्या खाणीतून कॅडमियम शेतात आले. हा भात वर्षानुवर्षे खाल्ल्याने मूत्रपिंडे बिघडली, हाडे ठिसूळ झाली. रोगाचे नावच ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’ असे पडले. १९६८ साली जपान सरकारने हा प्रदूषणजन्य रोग असल्याचे मान्य केले.

जिवाणू काय करतात?

धातू हे मूलद्रव्य आहे. जिवाणू ते कुजवून नष्ट करू शकत नाहीत, परंतु त्याचे रूप बदलू शकतात. खाचरात पाणी साचले की चिखलातील प्राणवायू संपतो. अशा स्थितीत काही जिवाणू सल्फेटपासून सल्फाइड तयार करतात. त्याचा कॅडमियमशी संयोग होऊन पाण्यात न विरघळणारे कॅडमियम सल्फाइड बनते आणि मुळांना ते सहजी शोषता येत नाही.

खाचर सुकले, जमिनीत हवा शिरली की उलट क्रिया होते व कॅडमियम पुन्हा मोकळे होते. म्हणून जपानमध्ये दूषित क्षेत्रात भात निसवण्याच्या आधी व नंतर सुमारे तीन-तीन आठवडे खाचरात पाणी ठेवण्याची शिफारस केली जाते.

हेच तत्त्व कारखान्यातही वापरतात. नेदरलँडमधील बुडेल येथील जस्त कारखान्यात १९९२ मध्ये अशा जिवाणूंवर चालणारे संयंत्र सुरू झाले. दूषित भूजलातील धातू सल्फाइडच्या रूपात वेगळे काढून ते पुन्हा कारखान्यात वापरले गेले.

सावधगिरी

जमिनीत आर्सेनिक असल्यास हा उपाय उलटतो. पाणी साचलेल्या खाचरात आर्सेनिक अधिक विरघळते व दाण्यात जाते. म्हणून आधी तपासणी, मग उपाय.

शेतकऱ्यांनी काय करावे?

१. सांडपाणी मिसळलेले पाणी वापरण्यापूर्वी पाणी व माती यांची जड धातूंसाठी तपासणी करून घ्यावी. नेहमीच्या माती परीक्षणात हे धातू पाहिले जात नाहीत. तशी वेगळी मागणी करावी.

२. आम्ल जमिनीत कॅडमियम पिकाला अधिक मिळते. माती परीक्षणानुसार चुना घालून सामू वाढवावा. चांगले कुजलेले शेणखत द्यावे.

३. कॅडमियम असून आर्सेनिक नसल्याची खात्री झाली, तरच निसवण्याच्या काळात खाचरात स्वच्छ पाणी राखावे.

४. रायझोबियम, अॅझोटोबॅक्टर यांची पाकिटे नत्रासाठी आहेत. ती वापरून जमिनीतील धातू निघून जात नाहीत.

जिवाणू विषाला बांधून ठेवतात, पण ते शेतातच राहते. जिंझूकाठची दूषित माती हाताळून शेते पूर्ववत करण्याचे काम १९७९ मध्ये सुरू झाले, ते २०१२ मध्ये संपले. तेव्हा शेतकरी बंधूंनो, दूषित पाणी बांधाबाहेर रोखणे हाच सर्वांत स्वस्त उपाय होय.