दृष्ट काढा, पण वेळ काढू नका

आषाढ लागला की घरात दोन गोष्टी हमखास सुरू होतात. कढईत कापण्या नि तिखटमिठाच्या पुऱ्या तळल्या जातात, आणि लेकरांची आजारपणे डोके वर काढतात. पाठोपाठ आजीबाईंचा मीठ-मोहरीचा डबाही खाली येतो. आजच्या लेखात या डब्याविषयी थोडे बोलू.

आपल्या जुन्या माणसांनी पावसाळ्याचे जे नियम घालून दिले, त्यातले बरेचसे शहाणपणाचे आहेत. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात वर्षा ऋतूची चर्या सांगितली आहे. या दिवसांत अग्नी मंद असतो म्हणून जुने धान्य खावे, पाणी उकळून घ्यावे, नदीचे पाणी पिऊ नये, दिवसा झोपू नये. आता अग्नी म्हणा की पचनशक्ती, पण गढूळ पाण्याच्या दिवसांत उकळलेले पाणी प्या हे सांगायला त्यांना सूक्ष्मदर्शक लागला नाही! श्रावणातला उपास ही पोटाला विश्रांती, असेही म्हणतात. मात्र साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचा कीस आणि शेंगदाण्याचा लाडू ही विश्रांती कशी, हे कुणीतरी पोटालाच विचारायला हवे.

आता दृष्टीकडे वळू. दीड-दोन महिन्यांचे बाळ तिन्हीसांजेला कळवळून रडते, पाय पोटाशी घेते, काही केल्या थांबत नाही. आजी मीठ, मोहरी, लाल मिरच्या ओवाळते, चुलीत टाकते. ठसका आला नाही तर ‘केवढी दृष्ट लागली होती गं!’ असे म्हणते. अर्ध्या तासात बाळ झोपते. यात खोटे काही नाही, फक्त कारण वेगळे आहे. लहान बाळांचे संध्याकाळचे रडणे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होते, दीड महिन्याच्या सुमारास सर्वांत जास्त असते आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरते. ते थांबणारच असते. ठसक्याचे म्हणाल तर आच किती होती, मिरची सुकी होती की सादळलेली, वारा कुठून होता, यावर तो अवलंबून असतो. आजीच्या समाधानासाठी दृष्ट काढायला आमची हरकत नाही. हळुवार हातांनी ओवाळणे, मायेने पुटपुटणे यांनी दमलेल्या आईलाही बरे वाटते. मात्र मिरचीचा धूर बाळाच्या खोलीत करू नये. ज्या मुलाला दमा आहे, त्याच्यासाठी तर मुळीच नको.

खरी अडचण पुढे आहे. तेच बाळ रडत नाही, मलूल पडून राहते. जुलाब होतात, उलट्या होतात, दूध ओढत नाही. घरातले म्हणतात, काल बारशाला चार बायकांनी पाहिले, दृष्ट लागली. एकदा काढली, दोनदा काढली, तिसऱ्यांदा कुणा जाणत्याकडून काढली. तोवर दुपारची रात्र होते. बाळाच्या टाळूवर आपण रोज तेल घालतो, तेव्हा तिच्यावरून हलकेच बोट फिरवून पाहावे. ती खोल गेली असेल, डोळे आत गेले असतील, जीभ कोरडी असेल, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश बसत असेल, सहा-आठ तासांत लघवी झाली नसेल, तर शरीरातले पाणी संपत आले आहे. टाळू तेलाने भरत नाही, पाण्याने भरते. लगेच दवाखाना गाठावा आणि वाटेत आईचे दूध व जलसंजीवनी चमच्याचमच्याने देत राहावे. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मीठ याहून जास्त नको. डॉक्टरांनी दिलेले झिंक जुलाब थांबले तरी सांगितले तितके दिवस द्यावे.

तीट गालाला लावायला हरकत नाही. डोळ्यात काजळ-सुरमा मात्र घालू नये. बाजारातल्या काही सुरम्यांत शिसे असते, आणि बोटाची घाण डोळ्यात जाते ती वेगळीच. डोळा लवणे, पापणी फडफडणे हे पुरुषाचे उजवे चांगले आणि बाईचे डावे चांगले, असा आपला ठोकताळा आहे. बहुधा ते जागरणाचे, चहाच्या अतिरेकाचे लक्षण असते. फडफड कित्येक आठवडे थांबली नाही किंवा गाल नि तोंडही ओढले जाऊ लागले, तर डॉक्टरांना दाखवावे. मांजर आडवे गेल्यास दोन मिनिटे थांबावे, तेवढाच दम खाल्ला जातो!

पावसाळ्यातली दुसरी पाहुणी म्हणजे कावीळ. ती ‘उतरवणारे’ तालुक्या-तालुक्यात आहेत. कुणी रोग्याचे हात चुन्याच्या पाण्यात धुतो आणि पाणी पिवळे होते. आधी हातांना आंब्याच्या सालीचा रस लागला असेल तर निरोग्याच्या हातांचेही पाणी असेच पिवळे होते. कुणी काड्यांची माळ डोक्यावर ठेवतो, ती दिवसागणिक वाढत गळ्यात उतरते. काड्या वाळून आकसतात, गाठी सैल होतात, माळ लांबते. हे निदान निरुपद्रवी तरी आहे. पण नाकात देवडांगरीचा रस पिळतात तो प्रकार भयंकर आहे. नाकातून वाहणारे पिवळे पाणी ही कावीळ नव्हे, ते पोळलेल्या अस्तराचे पाणी असते.

मग लोक बरे कसे होतात? दूषित पाण्यातून येणारी कावीळ बहुतेकांची महिना-दीड महिन्यात आपणहून बरी होते, आणि श्रेय माळेला जाते. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. ती पाण्यातून पसरलेल्या हेपॅटायटिस ई विषाणूची होती. गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत ही कावीळ झाली, तर पाच जणींत एक दगावू शकते. अशा बाईला माळ घालून घरी बसवणे म्हणजे जुगार आहे. रोगी गुंगीत असेल, असंबद्ध बोलत असेल, सारख्या उलट्या होत असतील, कुठून रक्त येत असेल, तर बाई असो वा पुरुष, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे.

आणि आता साप. नाग, घोणस, फुरसे चावले तर दंश बहुधा कळतो. मण्यार मात्र रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, तिचे दात बारीक, सूज नाही, आग नाही, कधी खूणही सापडत नाही. पहाटे माणूस पोट दुखते म्हणून उठतो. पापण्या मिटायला लागतात, बोलणे अडखळते, घास गिळवत नाही. काल धडधाकट असलेला माणूस असा मुका झालेला पाहून घरातले ‘करणी केली’, ‘बाहेरचे लागले’ म्हणतात आणि लिंबू उतरवून टाकतात. मारुतीच्या देवळात नेऊन निजवतात. कडुलिंबाचा पाला कडू लागतो का, हे पाहायला तोंडात कोंबतात. ज्याला गिळता येत नाही त्याचा तो श्वास अडवू शकतो. पावसाळ्यात पहाटे पापण्या जड झालेला माणूस दिसला, तर आधी मण्यारीचा संशय घ्यावा. श्वास चालू ठेवणारे यंत्र आणि सर्पविषावरची लस वेळेत मिळाली, तर मेल्यासारखा दिसणारा रोगीही उठून बसतो. सन २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

मांत्रिकाकडे बरे झालेले बहुतेक बिनविषारी सापाचे, किंवा विष आत न गेलेल्या दंशाचे रोगी असतात. विंचवाचेही तसेच. लहान तांबडा विंचू चावल्यावर कळ थांबली म्हणजे विष उतरले असे समजू नये. दरदरून घाम, गार हातपाय, ओकाऱ्या ही हृदयावर परिणाम होत असल्याची चिन्हे आहेत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ऐंशीच्या दशकात यावर प्राझोसिन या गोळीचा उपयोग दाखवून दिला आणि कोकणातले कितीतरी जीव वाचले. राज्यातल्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरवला आहे.

दंश झाल्यावर अंगठ्या, बांगड्या काढाव्यात, हातपाय फळीला बांधून स्थिर ठेवावेत, आवळपट्टी बांधू नये, कापू नये, चोखू नये. रोग्याला चालवू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने निघावे. सरकारी दवाखान्यात लस विनामूल्य मिळते. आपल्या जवळच्या केंद्रात ती आहे का, हे पावसाळा सुरू होतानाच विचारून ठेवावे. खाटेवर झोपावे. खाट नसेल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचाव्यात, म्हणजे डासही नाहीत आणि मण्यारही नाही. गोवऱ्यांच्या ढिगात हात घालण्याआधी काठीने ढोसून पाहावे आणि रात्री परसात जाताना विजेरी बरोबर असू द्यावी.