रूपांतरित गाळखडकांचे पूर्वरूप

शब्दाचे रूप पालटले तरी त्याचे मूळ पुष्कळदा ओळखता येते. संस्कृत ‘कर्म’ प्राकृतात ‘कम्म’ व मराठीत ‘काम’ झाले. पर्वतपट्ट्यांत खोल गाडल्या गेलेल्या गाळाच्या खडकांची स्थिती काहीशी अशीच आहे. उष्णता व दाब यांमुळे त्यांतील खनिजे व पोत पार बदलतात. परंतु पाणी व कार्बन डायऑक्साइड निघून जाणे सोडल्यास मुख्य रासायनिक घटकांचे परस्परप्रमाण बहुधा फारसे ढळत नाही. म्हणूनच रासायनिक पृथक्करणावरून खडकाच्या पूर्वरूपाचे अनुमान करता येते.

चिकणमातीपासून बनलेल्या शेल खडकात सिलिका सुमारे ६० व अ‍ॅल्युमिना सुमारे १६ टक्के असते. झिजेच्या वेळी सोडियम पाण्याबरोबर वाहून जाते, तर पोटॅशियम मातीच्या कणांना धरून राहते; त्यामुळे शेलमध्ये पोटॅशियम अधिक आढळते. हाच खडक रूपांतर पावून प्रथम पाटीचा दगड व पुढे अभ्रकयुक्त सुभाजा बनतो. दख्खनच्या बेसाल्टात याच्या उलट सिलिका ५० टक्क्यांच्या आसपास असून सोडियमच अधिक असते. मात्र तप्त द्रवांमुळे हे दोन्ही क्षार स्थानभ्रष्ट होऊ शकतात. यास्तव त्यांच्यावरच न विसंबता अ‍ॅल्युमिनियम व टायटॅनियम यांसारख्या स्थिर घटकांची साक्षही घ्यावी लागते.

रायगड किनाऱ्यावर असे रूपांतरित खडक नाहीत. तेथे बेसाल्ट व जांभा यांचेच प्राबल्य आहे. ते पाहावयाचे तर दक्षिणेस सिंधुदुर्गात जावे लागते. रेडीचे लोहखनिज हे लोह व सिलिका यांच्या अतिप्राचीन पट्टेदार गाळाचेच रूपांतर होय.

तथापि रायगडचा जांभा या विषयास परका नाही. मोसमी पावसाने बेसाल्टातील सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम व बरीचशी सिलिका धुऊन नेली. लोह व अ‍ॅल्युमिनियम मागे राहिले. श्रीवर्धन परिसरातील बॉक्साइट ही त्याच क्रियेची पुढची पायरी. असे बॉक्साइट पर्वतनिर्मितीत सापडले, की त्यातून पाणी जाऊन कुरुंद उपजतो. ग्रीसमधील नॅक्सॉस बेटावरील एमरी अशीच घडली. कुरुंदाचा असा थर पाहून अभ्यासकास तेथे एके काळी उष्ण व आर्द्र हवेत झिजलेली भूमी होती, असे म्हणता येते. पर्वताने खडकाचे रूप बदलले, तरी त्यावर पडलेल्या पावसाची नोंद पुसली नाही.