पहिलटकरणीचं बीपी आणि पन्नाशीतलं हृदय

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. त्यात एक अडचण आहे. सव्वा महिन्याने बाळ-बाळंतीण सासरी येतात, दवाखान्याचे कागद मात्र बहुधा माहेरीच राहतात. आणि प्रीएक्लॅम्प्सिया हा गरोदरपणात बीपी वाढण्याचा विकार नेमका पहिलटकरणींमध्येच जास्त दिसतो.

२० आठवडे उलटल्यावर बीपी १४०/९० किंवा त्याहून वर जातं आणि बहुतेकदा लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात. मूळ दुखणं मात्र वारेत असतं. एरवी वारेच्या पेशी गर्भाशयातल्या नागमोडी धमन्यांत शिरून त्या ऐसपैस करतात, म्हणजे वारेला भरपूर रक्त मिळतं. हे काम अर्धवट राहिलं, तर उपाशी वार आईच्या रक्तात नको ते पदार्थ सोडते. त्यातलं एक प्रथिन २००३ मध्ये बोस्टनच्या अनंत करुमंची यांच्या गटाने दाखवून दिलं. रक्तवाहिन्यांचं अस्तर धडधाकट राखणारे वाढघटक हे प्रथिन वाटेतच पकडून ठेवतं. अस्तर दुखावतं, वाहिन्या आवळतात, मूत्रपिंडं झिरपू लागतात. फारच बिघडलं तर झटके येतात.

वार पडली की बीपी सहसा काही आठवड्यांत उतरतं. ‘बाळंत झाली, सुटली’ असं घरचे म्हणतात. डॉक्टरही बराच काळ तसंच मानत.

नॉर्वेत १९६७ पासून प्रत्येक जन्माची नोंद ठेवली जाते. त्या नोंदी मृत्यूंच्या नोंदींशी ताडून पाहिल्यावर २००१ मध्ये एक अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आली. प्रीएक्लॅम्प्सिया होऊन दिवस भरण्याआधीच बाळंत झालेल्या स्त्रियांमध्ये हृदयविकाराने मरण्याचा धोका, हा त्रास न होता पूर्ण दिवसांनी बाळंत झालेल्यांच्या सुमारे आठपट होता. अनेक अभ्यास एकत्र करून २००७ मध्ये घेतलेल्या आढाव्यात पुढे कायमचं बीपी जडण्याचा धोका जवळजवळ चौपट, तर हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा साधारण दुप्पट दिसला. ‘पट’ म्हटल्यावर छातीत धस्स होतं, पण तरुण वयात हा धोका मुळातच लहान असतो. त्याचा खरा हिशेब दशकांनी लागतो.

त्या काही महिन्यांत हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना इजा होते, की आधीपासूनचा कच्चेपणा तेव्हा उघडा पडतो? यावर वाद आहे. मला दोन्ही खरं वाटतं. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण जवळपास निम्म्याने वाढतं. इतका भार पेलताना जे डगमगतं, ते आधीच थोडं कमकुवत असू शकतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०११ मध्ये प्रीएक्लॅम्प्सियाला हृदयविकाराच्या जोखमींच्या यादीत बसवलं. आपल्याकडे बाळंतिणीसाठी आशाताईंच्या घरभेटी ४२ दिवसांपर्यंत असतात. पुढे लक्ष राहतं ते बाळाकडे आणि त्याच्या लसींकडे. पन्नाशीत छातीत दुखतंय म्हणून गेलेल्या बाईला साखर विचारतात, वडिलांचा हार्ट अटॅक विचारतात, बाळंतपणाचं क्वचितच. तिने आपणहून सांगावं, आणि त्याआधीही वर्षातून एकदा बीपी तपासून घ्यावं, अधूनमधून साखर आणि कोलेस्टेरॉलही.

बाळंतपणानंतरचे पहिले आठवडेही वाया घालवण्यासारखे नाहीत. ऑक्सफर्डमध्ये २२० बाळंतिणींवर एक चाचणी झाली. काही जणींनी घरी रोज बीपी मोजून मोबाइलवरून कळवायचं आणि डॉक्टरांनी त्याप्रमाणे गोळ्या कमी-जास्त करायच्या. बाकीच्यांची नेहमीसारखी देखरेख. २०२३ मध्ये निकाल आला. नऊ महिन्यांनी पहिल्या गटाचं खालचं बीपी सरासरी सुमारे सहा अंकांनी कमी होतं, आणि तोवर बहुतेकींच्या गोळ्या बंदही झाल्या होत्या.